सायडरमधली नशा गेली, मग व्होडका आली

पत्रकात आजच्या व्याख्यानाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने म्हातारपणी बार उघडला की काय! तसं काही नाही. पण सुरुवात मी कृतीनेच करणार आहे, कारण आजचा प्रश्न त्या कृतीतच आहे.

अमेरिकेत ऑक्टोबर लागला, झाडांची पानं तांबूस व्हायला लागली, की घरोघरी एक सोपं पेय केलं जातं. साठ मिली व्होडका, त्याच्या दुप्पट ॲपल सायडर, थोडा लिंबाचा रस, बर्फ आणि एक दालचिनीची काडी. ढवळायचं आणि प्यायचं. वरून जिंजर बिअर ओतली तर त्यालाच ॲपल सायडर म्यूल म्हणतात. पाहुणे दारात आल्यावर करायला घेतलं तरी चपला काढून ते आत येईपर्यंत तयार होतं.

आता हीच कृती इंग्लंडमधल्या हेरफर्डशरच्या किंवा सॉमरसेटच्या एखाद्या शेतकऱ्याला वाचून दाखवा. तो म्हणेल, सायडर ही मुळातच दारू. तिच्यात आणखी दारू कशाला घालता? आणि त्याचं बरोबर आहे. इंग्लंडमध्ये सायडर म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस. हेरफर्डला पर्सी बुल्मरने १८८७ मध्ये त्याचा कारखाना काढला, तो त्याच अर्थाने. फ्रान्सच्या नॉर्मंडीतही 'सिद्र' म्हणजे तेच. अमेरिकेत मात्र सायडर म्हणजे गाळ न काढलेला, गढूळ, तपकिरी, गोड रस. शाळकरी पोरं तो डोनटबरोबर पितात. आंबवलेला हवा असेल तर 'हार्ड सायडर' असं विशेषण लावून मागावं लागतं. मोबाइल आल्यावर आपल्या घरातल्या जुन्या फोनला 'लँडलाइन' म्हणावं लागलं, त्यातलाच हा प्रकार. पण फोनच्या बाबतीत नवी वस्तू आली होती. सायडरच्या बाबतीत नवी वस्तू कोणतीच आली नाही. मग मूळ मालकाला स्वतःचंच नाव विशेषणाशिवाय का वापरता येईना? आणि नावातून जी नशा निघून गेली, ती भरून काढायला रशियाची व्होडका कशी काय आली? आजच्या तासाभरात एवढंच बघायचं आहे.

आधी रसाचं बोलू. सफरचंदाच्या सालीवर आणि रस काढायच्या चरकावर यीस्ट असतंच. ताजा रस पिंपात भरून नुसता ठेवला, तरी काही दिवसांत फसफसायला लागतो. काही आठवड्यांत त्यातली साखर संपते आणि साधारण चार ते सहा टक्के अल्कोहोल तयार होतं. हवा लागत राहिली तर पुढे त्याचं व्हिनेगर होतं. गोड रस, दारू, व्हिनेगर ही एकाच प्रवासातली तीन स्टेशनं. मिलिंदपञ्हात नागसेन राजाला दुधाचा दाखला देतो: दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप, ते दूधच का, की दुसरं काही? आपण निदान चार शब्द तरी ठेवलेत. इंग्रजीत पहिल्या दोन स्टेशनांना मिळून 'सायडर' हा एकच शब्द पुरत होता. पुढचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

वसाहतींच्या काळात न्यू इंग्लंडमध्ये सायडर हे रोजचं पेय होतं. बार्ली नीट पिकत नसे, सफरचंद मात्र दगडाधोंड्यांतही येई. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन ॲडम्स सकाळी उठून सायडर घेत, तसं त्यांच्या रोजनिशीतच आहे. आणि ही सफरचंदं खायची नव्हती, हे लक्षात ठेवा. सफरचंदाची बी लावली तर मूळ झाडासारखं फळ येत नाही. प्रत्येक बीचं झाड वेगळं, आणि बहुतेकांची फळं आंबट, तुरट. चांगलं फळ हवं तर कलम करावं लागतं. बियांपासून लावलेल्या बागा म्हणजे पिळायच्या बागा.

इथे एक गमतीदार माणूस येतो. जॉन चॅपमन, जन्म १७७४, मृत्यू १८४५. अमेरिकन मुलं त्याला 'जॉनी ॲपलसीड' म्हणून ओळखतात: अनवाणी फिरणारा, झाडं लावणारा साधू. तो पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना इकडे बियांपासून रोपवाटिका करत गेला. कलम करणं त्याला मान्यच नव्हतं. म्हणजे गोष्टीच्या पुस्तकातल्या या संताने जी झाडं लावली, त्यांची बरीचशी फळं शेवटी पिंपातच गेली. तो स्वीडनबोर्गचा अनुयायी होता. हा तोच स्वीडनबोर्ग, ज्याची कांटने १७६६ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहून टर उडवली. आमच्या विषयातल्या लोकांना जग किती लहान आहे हे असं अधूनमधून कळतं.

आता १८४० ची निवडणूक. व्हिग पक्षाचे उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन. विरोधी पक्षाच्या बाल्टिमोरच्या एका वर्तमानपत्राने कुत्सितपणे लिहिलं, की या म्हाताऱ्याला एक पिंप हार्ड सायडर आणि पेन्शन द्या, तो लाकडी खोपटात सुखाने बसेल. व्हिगांनी ती शिवीच निशाणावर घेतली. मिरवणुकांतून लाकडी खोपटी फिरली, पिंपं फिरली, सायडर फुकट वाटलं गेलं. सायडर म्हणजे कष्टकरी माणूस, असं समीकरणच झालं. हॅरिसन स्वतः व्हर्जिनियाच्या मळ्यात जन्मलेले, वडिलांची सही थेट स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर. खोपट-बिपट काही नाही. ते निवडून आले आणि शपथविधीनंतर एका महिन्यात वारले. 'हार्ड' हा शब्द तेव्हाही होता, पण त्याचा अर्थ पुरता आंबलेला, कडक. साधं 'सायडर' म्हटलं तरी त्यात दारू धरलेलीच असे.

पण त्याच सुमारास पाळंमुळं हलायला लागली होती. १८२६ मध्ये बॉस्टनला अमेरिकन टेंपरन्स सोसायटी निघाली. १८५१ मध्ये मेन राज्याने दारूबंदी केली. दुसरीकडे जर्मन स्थलांतरितांबरोबर लागर बिअर आली. ती शहरात, कारखान्यात, बाराही महिने करता येते. सायडर शेतावरचं. शेतावरची माणसं शहरात गेली, आणि सायडर मागे राहिलं. निष्ठावान शेतकऱ्यांनी बागांवर कुऱ्हाडी चालवल्याच्या कथा मोठ्या चवीने सांगितल्या जातात. मला कुऱ्हाडीपेक्षा शहरातली बिअर हे कारण जास्त वजनदार वाटतं. कथा सांगायला मात्र कुऱ्हाड बरी.

आता आजच्या व्याख्यानाच्या गाभ्याशी येऊ. १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत देशभर दारूबंदी लागू झाली. तिची अंमलबजावणी करणारा कायदा म्हणजे व्होल्स्टेड ॲक्ट. अर्धा टक्का अल्कोहोल असलेलं पेयही त्याने मादक ठरवलं. पण एकोणतिसाव्या कलमात एक खिडकी उघडी ठेवली: स्वतःच्या घरात वापरण्यापुरतं 'अमादक सायडर आणि फळांचे रस' करणाऱ्याला शिक्षा नाही. दारूबंदीचा जोर खेड्यांतल्या मतांवर होता, आणि खेड्यातल्या माणसाच्या तळघरात सायडरचं पिंप होतं. त्याला दुखवून चालणार नव्हतं. आता 'अमादक' म्हणजे किती? अर्ध्या टक्क्याच्या आत? पण रस तर आपोआप आंबतो! सोमवारी कायदेशीर असलेलं पिंप शुक्रवारी बेकायदा, आणि मालकाने बोटसुद्धा लावलेलं नाही.

बाल्टिमोरचे काँग्रेस सदस्य जॉन फिलिप हिल यांनी हा प्रश्न टोकाला न्यायचं ठरवलं. त्यांचं म्हणणं असं, की शेतकऱ्याला घरी सायडर चालतं आणि शहरातल्या कामगाराला बिअर चालत नाही, हा कुठला न्याय? त्यांचं घर फ्रँकलिन स्ट्रीटवर. त्या शहरी घराचं नाव त्यांनी ठेवलं 'फ्रँकलिन फार्म्स'. आधी द्राक्षाचा रस आंबवला, मग १९२४ मध्ये सफरचंदाचा, आणि लोकांना उघड बोलावून पाजला. अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या कितीतरी वर. सरकारने खटला भरला. त्यांना तेच हवं होतं.

न्यायाधीश सोपर यांनी ज्युरीला जे सांगितलं, ते मी दरवर्षी तर्कशास्त्राच्या वर्गात सांगत असे. ते म्हणाले, अर्ध्या टक्क्याची रेघ या कलमाला लागू नाही. 'मादक' आहे की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. माणसाला प्रत्यक्षात जेवढं पिणं शक्य आहे, तेवढं प्यायल्यावर झिंग येते का, एवढंच बघा. आणि झिंगणं म्हणजे तुम्ही-आम्ही सर्वसाधारण माणसं ज्याला झिंगणं म्हणतो, ते. ज्युरीने हिल यांना निर्दोष सोडलं.

बघा, इथे काय झालं. ग्रीकांचं एक जुनं कोडं आहे: गव्हाचा एकेक दाणा काढत गेलं तर रास नेमकी कुठल्या दाण्याला रास राहत नाही? कायदेमंडळाने उत्तर दिलं, ह्या दाण्याला. इथे रेघ मारली. न्यायाधीश म्हणाले, रेघ नाही, बारा माणसांना विचारा. मला अजूनही दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक वाटतं. पण राज्य चालवायला पहिलं सोपं, हेही नाकारता येत नाही. पोलिसाने प्रत्येक पिंपामागे बारा माणसं कुठून आणायची?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. नीरा आठवा. शिंदीचा किंवा ताडाचा रस रात्री उतरवला, चुन्याच्या मडक्यात धरला आणि पहाटे प्यायला, तर नीरा: खादी-ग्रामोद्योगाच्या दुकानात मिळणारी, आरोग्याला चांगली म्हणून लहान मुलांनाही देतात ती. तोच रस ऊन चढेपर्यंत ठेवला की ताडी. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला, तेव्हा त्यालाही याच निसरड्या रसाशी झुंजावं लागलं. फरक एवढाच, की आपल्याकडे दोन अवस्थांना दोन नावं आधीपासून होती. त्यामुळे कायदा झाल्यावरही 'नीरा'चा अर्थ बदलला नाही. अमेरिकेत नाव एकच होतं, आणि तेरा वर्षांत ते एका बाजूला सरकलं. दुकानात उघडपणे जे विकता येत होतं, ते गोड सायडर. त्यामुळे 'सायडर' म्हटलं की तेच डोळ्यांपुढे यायला लागलं.

५ डिसेंबर १९३३ ला दारूबंदी उठली. बिअर लगेच परतली. बार्ली दरवर्षी पेरता येते. सफरचंदाच्या झाडाला फळ यायला वर्षं लागतात. तोवर बागांमध्ये खायची, गोड, लाल सफरचंदं लागली होती; आंबट-तुरट वाणांची झाडं गेली होती. पुढे तर गोड सायडर आंबूच नये याची व्यवस्था झाली: पाश्चरीकरण, परिरक्षक. १९९६ मध्ये न तापवलेल्या रसातून जिवाणूंची मोठी साथ आली. त्यानंतर अशा बाटलीवर इशारा छापणं सक्तीचं झालं आणि पाश्चरीकरण जवळपास सगळीकडे आलं. मुलांच्या जिवाचा प्रश्न होता, त्यामुळे तक्रार नाही. पण परिणाम असा, की दुकानातलं सायडर महिनाभर फ्रीजमध्ये ठेवलं तरी दुसऱ्या स्टेशनाकडे एक पाऊल टाकत नाही.

मग आता या रसात नशा कुठून आणायची?

सफरचंदाची स्वतःची कडक दारू होती. तीही सांगायला हवी. थंडीत सायडरचं पिंप बाहेर ठेवायचं, वर धरलेला बर्फ काढून टाकायचा. खाली उरतं ते ॲपलजॅक. नंतर ते रीतसर भट्टीत गाळायला लागले. न्यू जर्सीतलं लेअर्ड घराणं हे काम १७८० पासून करतंय. आपली इतकी मराठी माणसं न्यू जर्सीत आहेत, दर ऑक्टोबरात पोरांना घेऊन बागेत सफरचंदं तोडायला जातात. हे कारखानदार त्यांच्याच राज्यातले, पण फार थोड्यांना माहीत असतं. सफरचंदाच्या रसात सफरचंदाचीच दारू घालणं, यापेक्षा सरळ काय असेल? पण झालं उलटंच. लोकांना हलकी चव हवी म्हणून पुढे 'ब्लेंडेड' ॲपलजॅक निघालं: सुमारे एक तृतीयांश सफरचंदाची ब्रँडी, उरलेलं धान्याचं चवहीन स्पिरिट. सफरचंदाच्या दारूतूनही सफरचंद पातळ झालं.

आणि चवहीनतेच्या या बाजारात व्होडका उतरली. मॉस्कोच्या स्मिरनोव्ह घराण्यातला व्लादिमिर क्रांतीनंतर देश सोडून पळाला. त्याच्याकडून अमेरिकेचे हक्क रुडॉल्फ कुनेट या माणसाने घेतले आणि १९३४ मध्ये कनेटिकटमधल्या बेथेलला भट्टी टाकली. धंदा चालेना. १९३९ मध्ये ह्यूब्लाइन कंपनीच्या जॉन मार्टिनने तो चौदा हजार डॉलरना घेतला. मग युक्ती निघाली: ही पांढरी व्हिस्की आहे, हिला चव नाही आणि वास नाही! कुठल्या पेयाची अशी जाहिरात तुम्ही ऐकली आहे का? पुढे १९४० च्या दशकात लॉस एंजलिसमधून मॉस्को म्यूल पसरलं: व्होडका, जिंजर बिअर, लिंबू, तांब्याचा पेला. ते नक्की कोणी शोधलं याच्या तीन-चार कथा आहेत आणि प्रत्येकीत शोध लावणारा वेगळा आहे. आपलं सायडर म्यूल त्याचंच धाकटं भावंड.

सरकारी व्याख्येनेही त्यावर शिक्का मारला. अमेरिकन नियमांत व्होडका म्हणजे वेगळं असं काही वैशिष्ट्य, गंध, चव, रंग नसलेलं स्पिरिट. ही अट थेट २०२० मध्ये निघाली. मी पहिल्यांदा ती व्याख्या वाचली तेव्हा हसू आलं. आपल्या वैशेषिकांनी द्रव्य आणि गुण वेगळे मानले, पण गुणांशिवाय द्रव्य टिकतं असं म्हणायला तेही कचरले. उत्पन्न झाल्यावर फक्त एक क्षण द्रव्य निर्गुण असतं, एवढीच सूट त्यांनी दिली. अमेरिकन अबकारी खात्याने ते निर्गुण द्रव्य बाटलीत भरून सत्तर वर्षं विकू दिलं!

विनोद सोडा. या निर्गुणाची मागणी का होती, हे बघण्यासारखं आहे. रसाला स्वतःची चव होती, आणि लहानपणापासून तीच जिभेवर होती. लोकांना ती बदलायची नव्हती. फक्त काढून घेतलेली नशा परत हवी होती. ॲपलजॅक घातलं तर चव बदलते. व्होडका घातली तर सायडर तसंच लागतं आणि चढतं मात्र. म्हणून मी या पेल्याकडे दुरुस्तीचं काम म्हणून बघतो. वस्तूचे दोन तुकडे केले, एक तुकडा हरवला, आणि त्या जागी रंगरूप नसलेला दुसरा बसवला. पण दुरुस्तीत माप चुकलंय. हिशेब करा. साठ मिली व्होडकेत चाळीस टक्क्यांप्रमाणे चोवीस मिली अल्कोहोल. त्यात एकशे वीस मिली रस आणि पंधरा मिली लिंबू. एकूण एकशे पंच्याण्णव. म्हणजे बर्फ वितळायच्या आधी बारा टक्क्यांच्या वर. ॲडम्ससाहेबांच्या सकाळच्या सायडरच्या दुपटीहून जास्त. आणि गोडीमुळे जिभेला पत्ताच लागत नाही.

इथे समोरून एक चिठ्ठी आली आहे: 'सर, पुण्यात हे करता येईल का?' येईल. पण दोन सूचना. पहिली, आपल्याकडच्या दुकानात 'ॲपल सायडर' मागितलं तर व्हिनेगर हातात पडेल. ते तिसरं स्टेशन. त्यात व्होडका ओतू नका. दुसरी, खोक्यातला पारदर्शक रसही नको. सप्टेंबर-ऑक्टोबरात हिमाचलची, काश्मीरची सफरचंदं येतात. ती सालीसकट मिक्सरमध्ये वाटा. दोन-चार हिरवी, आंबट सफरचंदं त्यात घाला, नाहीतर नुसता गोडवा होतो. पंचात बांधून पिळा आणि लगेच लिंबू पिळा म्हणजे काळं पडणार नाही. गढूळ राहिलं तर उत्तम, सायडर तसंच असतं. मग एकशे ऐंशी मिली रसाला तीस मिली व्होडका, म्हणजे आपला एक छोटा पेग, आणि पंधरा मिली लिंबाचा रस. हे साधारण सव्वापाच टक्क्यांवर येतं, म्हणजे १८४० च्या पिंपाच्या जवळपास. गरम हवं असेल तर रस आणि दालचिनी आधी तापवा, भांडं खाली उतरवा आणि मगच व्होडका घाला. अल्कोहोल अठ्ठ्याहत्तर अंशांनाच उडायला लागतं. आणि हो, महाराष्ट्रात व्होडकेसाठी वयाची अट पंचवीस आहे, परवानाही लागतो. तो १९४९ चा कायदा अजून आहे.

ज्यांना व्होडका नको, त्यांनी तोच रस दालचिनी घालून तसाच प्यावा. अमेरिकन माणूस त्यालाही सायडरच म्हणेल. पुढच्या वेळी चहा.